डाव्या कुशीवर

मनकर्णाबाईंच्या वर्गात पहिल्या दिवशी पुस्तक उघडलं जात नसे. एक तर पुस्तकं पुरेशी नव्हती. पोलीस ॲक्शनला पंधरा-सोळा वर्षं उलटली होती, तरी परिचारिकांच्या त्या शाळेच्या कपाटात निम्मी पुस्तकं अजून उर्दूच होती, बाकीची बरीचशी इंग्रजी, आणि जे एखादं मराठी पुस्तक होतं त्याच्याभोवती पाच-सहा डोकी जमायची. म्हणून बाई मुलींच्या जोड्या लावायच्या. उंची बघून, अंगलट बघून, कधी नुसताच चेहरा बघून. एकदा लागलेली जोडी शिक्षण संपेपर्यंत मोडायची नाही, असा शाळेचा शिरस्ता होता.

"तुमचं खरं पुस्तक तुमच्या शेजारी बसलंय," बाई म्हणायच्या. "बरगड्या मोजायच्या तर हिच्या मोजा. नाडी बघायची तर हिची. गिळताना गळा कसा वरखाली होतो ते हिला पाणी पाजून बघा. पण चित्रातल्या शरीराला लाज नसते, हिला आहे. म्हणून एकच अट. जोडीदारणीच्या अंगावर जे दिसलं, जे हाताला लागलं, ते वर्गातल्या या पडद्याच्या आत राहील. कुणाच्या पाठीवर कोड असेल, कुणाच्या पोटावर भाजल्याचा व्रण असेल. त्याची बाहेर वाच्यता झाली, तर त्या मुलीला मी नर्स म्हणणार नाही."

"अन् बाई, गुदगुल्या झाल्या तर?" मागून कुणी तरी विचारलं.

"तर हसायचं. हसताना पोट कसं ओढलं जातं तेही त्यात शिकून होतं."

सगीराची जोडी द्वारकाशी लागली. सगीरा वैजापूरच्या मोहियोद्दीन दर्जींची थोरली मुलगी. किडकिडीत, गोरी, गालांवर कायम थोडी लाली. द्वारका चितेगावच्या बद्रीनाथ पाटलांची. रुंद खांद्यांची, आवाजाला खणखणीत. बद्रीनाथांनी पोरीला शिकायला पाठवलं खरं, पण ती निघताना तिचा भाऊ म्हणाला होता, "जा, दुसऱ्याची गू-मुतं काढायला जा. गावात काय कमी होतं का?" द्वारकाच्या मनाला ते लागलं होतं. शाळेतून जी पहिली येईल तिला पुढच्या शिक्षणासाठी सरकारी वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, मुंबईला पाठवत. द्वारकाला ती जागा हवी होती, आणि हवी आहे हे ती लपवत नसे.

सगीराला मुंबईबिंबई नको होतं. तिला वैजापूरच हवं होतं, फक्त पांढऱ्या साडीत. तिच्या मोहल्ल्यात दवाखान्याची वाट सगळ्यांना ठाऊक होती, पण पुरुष डॉक्टरापुढं पडदा सरकवायला एकही बाई तयार नव्हती. तिची धाकटी खाला, म्हणजे मावशी, बंद खोलीत दोन दिवस कळा देऊन गेली होती, आणि डॉक्टर सारा वेळ ओसरीवर बसून होता. सगीरा तेव्हा लहान होती, पण डॉक्टरासाठी चहाची कपबशी तिनंच नेली होती.

दोघींची गट्टी जमायला फार दिवस लागले नाहीत. सगीरा चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली, त्यामुळं शरीर तिच्या डोक्यात उर्दूतच बसलेलं. ती जिगर म्हणायची, द्वारका यकृत म्हणायची. ती गुर्दा म्हणायची, द्वारका मूत्रपिंड.

"तुझं नाव सोपं हाय गं," द्वारका म्हणायची. "हे मूत्रपिंड म्हणजे तोंडात खडा आल्यासारखं वाटतं."

"मग दोन्ही घे ना. तेरे बाप का क्या जाता?"

"बापाचं नाव घेऊ नको, मुंडी मुरगाळीन."

अशा दोघी. एकीच्या मनगटाचं हाड दुसरीला पाठ. द्वारकाच्या डाव्या खांद्याचा फरा उजव्यापेक्षा किंचित वर होता, लहानपणापासून एकाच खांद्यावर कावड वाहिल्यामुळं. ते सगीरानं शोधून काढलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

हृदय शिकवायच्या आधी बाईंनी सगळ्यांना पाणचक्कीवर नेलं. हौदाच्या काठी मुलींना गोळा करून त्या सांगू लागल्या, "हे पाणी डोंगरातून खापरी नळानं इथवर येतं. उतार आहे म्हणून येतं. आपल्या अंगात उतार नाही, तिथं पंप लागतो. पंप म्हटला की त्याला दारं लागतात, नाही तर पुढं ढकललेलं रक्त परत मागं यायचं. ही दारं एकाच बाजूला उघडतात. रक्त गेलं की मागून मिटतात. मिटताना जो आवाज होतो, तोच आपण कान लावून ऐकतो. लब्, डप्. पहिला आवाज खालच्या कप्प्यांच्या दारांचा, दुसरा बाहेर जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांच्या दारांचा. कळलं?"

"अन् बाई, एखादं दार पुरतं उघडलंच नाही तर?" द्वारकानं विचारलं.

"तर रक्त जातं, पण घासत जातं. दाराच्या पाठीमागं तुंबतं. डाव्या बाजूच्या दाराच्या पाठीमागं काय आहे? फुप्फुसं. ती जड होतात, आणि मग जिना चढताना माणसाला दम लागतो."

बाकीच्या मुली उभ्या होत्या. सगीरा हौदाच्या कठड्यावर बसली होती. बाईंची नजर बोलता बोलता तिच्यावर जराशी थांबली, आणि त्या पुढच्या गोष्टीकडं वळल्या.

त्याच्या पुढच्या आठवड्यात नळ्या कानाला लागल्या. स्टेथोस्कोपला सगळ्या मुली नळीच म्हणायच्या. बाईंनी रुग्णालयातून दोन-तीन मागून आणल्या होत्या. पडद्यामागं एकेक जोडी जायची. डाव्या स्तनाखाली, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या खाचेत हृदयाचं टोक बोटांना लागतं, ते शोधायचं आणि तिथं नळी ठेवायची. सगीरानं द्वारकाचं ऐकलं. स्वच्छ, दारावर कुणी समजूतदार पाहुण्यानं थाप मारावी तसं. मग द्वारकानं सगीराचं ऐकलं.

तिनं नळी काढली, फुंकर मारून साफ केली, परत लावली.

"काय गं?" सगीरा म्हणाली.

"थांब." मग हळू आवाजात, "सगीरे, तुझं वेगळं वाजतंय."

"म्हणजे?"

"पहिला ठोका लई जोरात हाय. अन् दुसऱ्यानंतर... काही तरी घरघरतंय."

सगीरानं तिच्या हातातली नळी घेतली आणि स्वतःच्याच छातीला लावून ऐकलं. तिला लगेच कळलं. शिकलेलं सगळं कसं एका ओळीत येऊन उभं राहिलं. लहानपणी घसा दुखून ताप यायचा, मग एक गुडघा सुजायचा, तो उतरला की दुसरा, मग घोटा. अम्मी म्हणायची वारं शिरलंय, आणि एरंडाची पानं बांधायची. ताप गेला, सांधे बरे झाले, आणि सगळ्यांना वाटलं मुलगी बरी झाली. तो ताप सांध्यांना चाटून जातो आणि हृदयाला चावतो, असं बाईंनी मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"सांगू नको," ती म्हणाली.

"अगं पण..."

"द्वारके, दाखल्यावर तंदुरुस्त लिहिलंय. वैजापूरच्या डॉक्टरांनी छातीला नळीसुद्धा लावली नव्हती, अब्बांकडं कपडे शिवायला टाकायचे म्हणून लिहून दिलं. हे कळलं तर मला उद्याच्या गाडीत बसवतील. नर्सला पेशंट उचलावा लागतो, जागावं लागतं. कोण ठेवील मला? परीक्षा होऊ दे. पास झाले की मी स्वतः बाईंना सांगीन, औषध घेईन, काय म्हणतील ते करीन. तोवर नको."

"तुला काय झालं म्हणजे?"

"लहानपणी सांध्यांचा ताप आला, तेव्हापासून इतकी वर्षं काय झालं नाही."

द्वारकानं पडद्याकडं पाहिलं. पलीकडं पुढची जोडी खुसुखुसू हसत होती. "आईची आन," ती म्हणाली. "या पडद्याच्या बाहेर जायचं नाय."

ती आन तिनं पाळली. नुसती पाळली नाही, तिनं सगीराला जपलं. वॉर्डात जड बाई उचलायची असली की द्वारका मधे घुसायची. पाण्याच्या बादल्या तीच न्यायची. जिन्यात सगीरा थांबली, तर द्वारका मुद्दाम चपलेचा अंगठा तुटल्यासारखं करून खाली वाकायची, म्हणजे दोघी का थांबल्या हे कुणी विचारू नये.

फक्त एक गोष्ट होती. द्वारकाला त्या आवाजाची गोडी लागली. दुपारी वसतिगृहात निजानीज झाली की ती नळी घेऊन यायची. "ऐकू दे ना जरा." पहिल्यांदा सगीराला संकोच वाटला, मग सवय झाली. द्वारका डोळे मिटून ऐकायची आणि मग पुटपुटायची. असा आवाज तिच्या पुस्तकात नव्हता. त्यांच्या पुस्तकात फक्त निरोगी हृदय होतं. एकदा सगीरा भिंतीकडं तोंड करून डाव्या कुशीवर पडली होती आणि द्वारकानं तशीच नळी लावली. तिचे डोळे एकदम उघडले.

"अगं! असं निजलीस की कितीतरी मोठ्यानं ऐकू येतं! हलू नको. अशीच राहा."

"का बरं येत असेल?"

"हृदय बरगडीकडं सरकत असंल. हाय की नाय?" द्वारकाचा चेहरा उजळला होता. "अन् हे गोल तोंड लावलं की लागतंय, चपटं लावलं की नाय लागत. बघ, किती मजा हाय."

सगीराला त्या मजेचं हसू आलं. तिनं कूस बदलली नाही. आपल्या मैत्रिणीला शिकता यावं म्हणून ती तशीच भिंतीकडं बघत पडून राहिली, हात बधिर होईपर्यंत.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक डॉक्टर आले. पुण्याकडचे, पन्नाशीचे, सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांच्यासोबत आत मनकर्णाबाई आणि रुग्णालयाचे मोठे डॉक्टर बसले होते. मुलींना हजेरीच्या क्रमानं आत बोलवत होते. एक आत, एक दाराशी बाकावर. द्वारका आत होती, सगीरा बाकावर. दाराची वरची काच फुटलेली होती. आतलं बोलणं स्वच्छ ऐकू यायचं, म्हणून त्या बाकाला मुली फुकटचा क्लास म्हणत.

द्वारका धडाधड उत्तरं देत होती. हाडं, सांधे, रक्त कुठून कुठं जातं. सगीरा बाहेर बसून मनात तिच्या उत्तरांना मान डोलावत होती. तिला खरोखर आनंद होत होता.

"हृदयाचे आवाज?" परीक्षकांनी विचारलं.

द्वारकानं सांगितले.

"झडप अरुंद झाली तर? तुमच्या अभ्यासक्रमात नाही हे, येत नसलं तरी चालेल."

"येतं सर." सगीराला तो आवाज ओळखीचा होता. परसातल्या चिंचेवर सगळ्यांत उंच चढलेल्या पोराचा असतो तसा. "डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली झडप अरुंद झाली तर पहिला ठोका जोरात वाजतो. दुसऱ्या ठोक्यानंतर जरा थांबून हळू घरघर सुरू होते. जात्यात मूठभर दाणे टाकल्यावर सुरुवातीला येते तशी, जाड. अन् ती वाढत वाढत पुन्हा पहिल्या ठोक्यावर येऊन आदळते."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"वा. आणखी?"

"नळीचं गोल तोंड लावलं तरच लागते सर, चपटं लावलं तर निसटते. अन् पेशंटला डाव्या कुशीवर निजवलं की मोठी होते."

"हे तुला कुणी शिकवलं? मनकर्णाबाई, तुम्ही?"

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला होता. "पुढचा प्रश्न विचारू या का सर? वेळ..."

"थांबा हो. माझ्या डॉक्टरकीच्या पोरांना हे सांगता येत नाही. मुली, हे वाचून येत नाही. तू हे ऐकलेलं आहेस. कुठं ऐकलंस?"

सगीरानं बाकाची कड घट्ट धरली. सांग, वॉर्डात ऐकलं म्हणून सांग. वॉर्डात छातीचे पेशंट भरलेले होते. कुणाचंही नाव घे, कॉट नंबर सांग, विसरले म्हण.

"माझ्या जोडीदारणीचं ऐकलंय सर," द्वारका म्हणाली. मोठ्यानं, खणखणीत, उत्तर देतात तशी. "सगीरा मोहियोद्दीन. बाहेर बसलीय ती. तिला लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेलाय. तुम्हाला पाहिजे तर आत्ता ऐकायला मिळंल."

पुढं काय झालं ते सगीराला नंतर तुकड्या-तुकड्यांत आठवायचं. दार उघडलं. कुणी तरी तिला बस म्हणालं, मग झोप म्हणालं. परीक्षकांचे हात कोमट आणि सावध होते, त्यांनी वाईट काही केलं नाही. त्यांनी ऐकलं, मोठ्या डॉक्टरांना ऐकवलं. "सुंदर," ते म्हणाले, "अगदी पुस्तकी." मग म्हणाले, "बाहेरच्या मुलींनाही बोलवा, अशी संधी परत यायची नाही." मुली आल्या. एकेक वाकली, एकेकीनं नळी लावली. काहींना ऐकू आलं, काहींनी उगाच मान हलवली. कुणाच्या तरी तोंडाला पेरूचा वास येत होता. सगीरा भिंतीकडं बघत डाव्या कुशीवर पडून होती. द्वारका पायथ्याशी उभी राहून एकीला सांगत होती, "तिथं नाय गं, जरा खाली, टोकावर लाव." आणि मग तिचं तिलाच काही तरी कळल्यासारखं ती दोन पावलं मागं सरली.

सगळं झाल्यावर परीक्षकांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. "जा बाळ. काळजी करू नकोस, यावर आता मुंबईत ऑपरेशनं होतात."

सगीरानं पदर नीट केला. ती उठली, पण दाराकडं गेली नाही. खुर्चीशी येऊन उभी राहिली.

"सर, माझी तोंडी परीक्षा राहिलीय."

"अगं, तुला आता कशाला त्रास..."

"मला एकही प्रश्न विचारला नाही तुम्ही."

परीक्षकांनी बाईंकडं पाहिलं. बाई म्हणाल्या, "तिचा नंबर आहे सर. विचारा."

त्यांनी विचारलं. सगीरानं सांगितलं. मूत्रपिंडात रक्त कसं गाळलं जातं, श्वास घेताना छातीचा पडदा खाली कसा सरकतो, बाळाची वार काय काय काम करते. आवाज कापत होता, पण उत्तरं कापत नव्हती. मधेच तिच्या तोंडून जिगर निघालं, तिनं ते यकृत करून घेतलं. शेवटी परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "उत्तम. पास आहेस तू, चांगली पास आहेस." त्यांना अजून काही म्हणायचं असावं, पण मोठे डॉक्टर तोवर बाईंना म्हणाले, "हिच्या वडिलांना बोलावून घ्या."

संध्याकाळी बाईंनी तिला आपल्या खोलीत नेलं.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

सगीरानं वर पाहिलं.

"तुझे गाल, तुझं जिन्यात थांबणं. मी काय आज शिकवतेय? पाणचक्कीवर तू एकटी बसलीस तेव्हाच मनात आलं. तुला रात्रपाळ्या कमी लागल्या, त्या उगाच का? तू पास झालीस की तुला घेऊन गुपचूप मोठ्या डॉक्टरांकडं जाणार होते. त्यांना म्हणणार होते, नर्स झालेली मुलगी आहे, हिला लसीच्या खोलीत बसून करायचं काम द्या. नर्स झालेल्या बाईला असं घालवून देता येत नाही. पण शिकणारीला येतं. आता ते परीक्षेच्या खोलीत बोललं गेलं. तिघांसमोर. मला न ऐकल्यासारखं करता येत नाही. मोठे डॉक्टर म्हणतात, दाखला खोटा होता, नाव कमी करा."

"मी पास झाले ना बाई?"

"झालीस. निकालात नाव लागणार नाही."

सगीरा वसतिगृहात आली तेव्हा द्वारका तिच्या खाटेवर बसली होती. डोळे रडून लाल.

"सगीरे, त्यांनी विचारलं अन् तोंडातून निघून गेलं गं."

"निघून नाही गेलं. अब्बांच्या नावासकट सांगितलंस. मी दाराबाहेर होते."

"मला वाटलं, एवढे मोठे डॉक्टर, तुला औषध देतील. उद्या तुला काही झालं असतं तर? बाळंतपणात म्हणे बाया मरतात अशानं. मी काय वाईट केलं का?"

"हे तुला वाटत होतं तर मला सांगायचंस. बाईंना सांगायचंस. रोज दुपारी माझ्या उशाशी बसत होतीस, कधीही सांगता आलं असतं. तू ते उत्तर म्हणून सांगितलंस, द्वारके."

सगीरानं खुंटीवरचे आपले कपडे काढले.

"वॉर्डात ऐकलं म्हणाली असतीस तर तुझा एक मार्कही गेला नसता."

"मला सुचलंच नाय."

"तेच तर म्हणते मी," सगीरा म्हणाली आणि वळकटी बांधायला लागली.

दोन दिवसांनी मोहियोद्दीन दर्जी वैजापूरहून आले. डोक्यावर धुतलेली टोपी, हातात अम्मीनं दिलेला डबा. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली, समजावून सांगितलं. बाहेर आले तेव्हा ते रडत होते आणि हसतही होते. व्हरांड्यात मुली उभ्या होत्या, मनकर्णाबाई होत्या.

"यांच्यातली द्वारका कोण?" त्यांनी विचारलं.

कुणी तरी द्वारकाला पुढं केलं.

"बेटा," ते म्हणाले, आणि त्यांचा हात तिच्या डोक्यावर गेला, "सुट्टीत घरी आली की हिच्या तोंडात सारखं तुझंच नाव. आज कळलं कशाला ते. डॉक्टरसाब बोलले, त्या पोरीनं ओळखलं म्हणून वेळेवर समजलं. आणखी चार-पाच वर्षं गेली असती तर काही करता आलं नसतं, असं बोलले. आमी आई-बाप असून आमाला कळलं नाही. तुला कळलं. अल्ला तुला लई देईल पोरी. ईदला घरी यायचं, समजलं? तुझ्या चाचीच्या हातचं खायचं."

द्वारकानं मान वर करून सगीराकडं पाहिलं. सगीराही तिच्याकडं बघत होती. ती वाट बघत होती. खरं म्हणजे तिला स्वतःलाच नवल वाटलं, की एवढं झाल्यावरही ती वाट बघत होती. एक वाक्य. चाचा, मी तिला दिलेली आन मोडली, एवढं जरी द्वारका म्हणाली असती, तरी सगीरानं तिथंच तिचा हात धरला असता.

व्हरांडाभर सगळे ऐकत होते. मोठे डॉक्टर दारात येऊन उभे होते.

"माझं कर्तव्यच होतं ते, चाचा," द्वारका म्हणाली.

"सुना? कर्तव्य!" अब्बांनी सगीराकडं वळून पाहिलं. "शुक्रिया बोल बेटा. जान बचाई तेरी."

सगीराच्या मनात आलं, सांगावं. पण काय सांगायचं? द्वारका खोटं बोलली नव्हती. आजार खरा होता, आवाज खरा होता, डॉक्टर खरं बोलत होते. अब्बा विचारतील, मग तिनं वाईट काय केलं? त्यांच्या डोळ्यांत नुकतीच आशा आली होती, मुंबईचं ऑपरेशन, पोरगी वाचणार. तिच्याकडं जे होतं ते त्यांच्यापुढं ठेवायला तिला मराठीत शब्द सापडेना आणि उर्दूतही सापडेना. मनकर्णाबाई तिच्याकडं बघत होत्या. त्यांना ठाऊक होतं, आणि त्याही गप्प होत्या.

"अब्बा, गाडी चुकेल," ती म्हणाली आणि वळकटीला हात घातला.

"अगं, तू उचलू नको!" द्वारका धावत पुढं आली. तिनं वळकटीचं दुसरं टोक धरलं. सगीरानं आपलं टोक सोडलं नाही. क्षणभर दोघी ओढत राहिल्या. सगीराच्या कपाळावर घाम आला, दम लागला.

"दे गं तिला, दे," अब्बा म्हणाले. "डॉक्टरांनी वजन उचलू नको सांगितलंय. इतका जीव लावते पोरगी, अन् तू..."

सगीराची बोटं सुटली. द्वारकानं वळकटी आपल्या त्या किंचित वर असलेल्या डाव्या खांद्यावर घेतली आणि मान खाली घालून फाटकाकडं चालू लागली. अब्बा तिच्या बरोबरीनं, अजून काही तरी बोलत. सगीरा रिकाम्या हातांनी त्यांच्या मागं निघाली. पायऱ्यांशी मुली बाजूला झाल्या, फाटकाशी चौकीदार उठून उभा राहिला, आणि जो भेटेल तो तिला मायेनं सांगत होता, हळू, हळू चाल.